धुरपाचं बोट आणि बियाण्याचा भोपळा

डोंगराच्या कुशीत, जिथं वाट संपते आणि नुसतं गवत उरतं, तिथं एक आळी होती. आळीच्या टोकाला धुरपाचं घर. घर कसलं, कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. पण परसदारी जाल तर डोळे निवतील. तांबडालाल माठ, हिरवीगार मेथी, जांभळ्या फुलांचा वाल, गवारीचे झुपके, आणि मिरच्यांना तर इतक्या मिरच्या की झाडांनी तोरणं बांधून घेतलीत असं वाटावं.

हे सगळं धुरपाच्या आईच्या हातचं. पण त्या वर्षी आषाढात आईला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिच्या पायांतलं बळ घेऊन गेला. वैद्यानं पाय दाबून पाहिले, मान हलवली, छत्री उचलली नि निघून गेला. आई चटईवर पडली ती पडलीच. बाप तर धुरपा पाळण्यात होती तेव्हाच देवाघरी गेलेला. आता घरात हलती-चालती एक धुरपाच, आणि ती केवढी, तर पाण्याची कळशी उचलली की कळशीच चालत येतेय असं दिसायचं.

बाग राहिली तर चूल राहणार होती. आळीतल्या बाया भाजी न्यायच्या आणि ओंजळभर जोंधळे द्यायच्या, त्यावर दोघींचं पोट. म्हणून धुरपा रोज सकाळी आईची चटई ओढत मागच्या दारात आणायची. आई तिथून डोळ्यांनी बाग करायची आणि धुरपा हातांनी.

"बाय, त्या वेलाचा शेंडा खूड. नुसता पळतोय."

"दुखेल की त्याला, आये."

"दुखलं तर दुखू दे. शेंडा खुडला की बगलेतनं फुटवे येतात, आणि फळं धरतात ती फुटव्यावरच."

धुरपा शेंडा खुडायची आणि हळूच वेलाला म्हणायची, "मी नाही हं, आईनं सांगितलं."

श्रावणात पाऊस गुडूप झाला. झरा करंगळीएवढा वाहायला लागला. कळशी भरेपर्यंत बसून बसून धुरपाचे पाय आखडायचे. परसाच्या कुंपणाशी, उकिरड्यावर, एक दुधी भोपळ्याचा वेल आपला आपण उगवला होता. कुणी लावला नव्हता, कुणी विचारत नव्हतं. आई म्हणाली, "उपटून टाक तो. पाणी आपल्याच वाफ्यांना पुरेना." धुरपा उपटायला गेली खरी, पण वेलाचे दोऱ्यासारखे इवले इवले तणावे तिच्या बोटाला गुंडाळले, बाळानं आईचं बोट धरावं तसे. तिला काही तो उपटवेना. मग ती रोज स्वतःच्या तोंड धुण्याचं पाणी राखून ठेवायची आणि दिवेलागणीला त्या वेलाच्या बुडाशी घालायची.

एके दिवशी असंच पाणी घालताना वेलावर पहिलं फूल उमललं. पांढरंशुभ्र, चांदण्याची वाटी जशी. आणि त्या वाटीत कुणीतरी बसलं होतं.

नखाएवढा चेहरा, दवासारखे चमचमते डोळे, पाठीवर पोपटी पंख, आणि पंखांच्या कडांना बारीक चंदेरी जर. पाकळीचाच घोळदार परकर नेसलेली ती चिमुकली परी पाय हलवत बसली होती.

"तोंड न धुता पाणी मला घालतेस होय," परी म्हणाली. "म्हणून गालावर माती दिसते."

धुरपानं लाजून गाल पुसला. माती आणखीच पसरली.

"मी या वेलाची परी. माझ्याजवळ देण्यासारखी एकच इच्छा आहे. या फुलात कुजबुजून ठेव. फुलाचं फळ होईल, फळाबरोबर तुझी इच्छा वाढेल. भोपळा वेलावरच वाळला, त्याचं देठ पुरतं सुकलं, की कापायचा. इच्छा खरी होईल."

धुरपानं क्षणभरही विचार केला नाही. फुलात तोंड घालून ती म्हणाली, "माझी आई उठून चालू दे."

फूल थरथरलं. परीचा आवाज मात्र बारीक झाला. "आता नीट ऐक. देठ सुकेपर्यंत हे कुणाला सांगायचं नाही, आईलासुद्धा नाही. कितीही भूक लागली तरी भोपळा कोवळा कापायचा नाही. आणि कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवू नये हे तुला आईनं शिकवलंच असेल."

"बोट दाखवलं की तो कुजतो. पण दाखवायचंच झालं तर बोट वाकडं करून दाखवतो आम्ही."

"इथं वाकडंही नको, सरळही नको. तुझं बोट त्याच्याकडे वळलं की सगळं संपलं. मग मलाही काही करता यायचं नाही."

एवढं बोलून ती फुलात मिटली. सकाळी फूल सुकलं होतं आणि त्याच्या मागं अंगठ्याएवढं, मऊ लव असलेलं, पोपटी भोपळुलं लोंबत होतं.

त्या दिवसापासून धुरपाच्या जिवाला घोर लागला. कुंपणापलीकडे इठाकाकी राहायची. इठाकाकी कानांनी चांगलीच बहिरी. तिला काही सांगायचं म्हणजे हातवारे करायचे नाहीतर कानाशी जाऊन ओरडायचं. तोंड मात्र तिचं भारी चालायचं. तिची शेळी, चंदी, त्याहून चालू. कुंपणाला जरा भोक दिसलं की तिची दाढी आत.

"काय गं पोरी," इठाकाकी कुंपणावरून विचारायची, "उकिरड्यावर भोपळा धरलाय म्हणे. कुठाय?"

धुरपा दोन्ही हात काखेत घालून उभी राहायची आणि मान हलवायची.

"हात का लपवतेस? खरूज झाली का काय?"

धुरपा पुन्हा मान हलवायची.

"मुकी झालीस की काय. एक बहिरी नि एक मुकी, बरी शेजारीण मिळाली," असं म्हणत इठाकाकी आत जायची. तिची नात बनी, नुकतीच पावलं टाकायला लागलेली, कुंपणातून डोकावून खुदखुदायची.

भादव्यात वेलावर मावा पडला. बारीक काळी किडीची पिल्लं, पानांच्या पोटाला चिकटलेली. पानं आवळायला लागली. आई दारातून म्हणाली, "चुलीतली राख चाळून घे आणि पहाटे दव असताना फुंकर मारून टाक. उन्हात टाकलीस तर पानं करपतील." धुरपा अंधुकात उठून एकेक पान उलटं करून राख फुंकायची. केसांत राख, पापण्यांवर राख. मावा गेला, भोपळा वाचला. पण वाफ्यांतली मेथी त्या गडबडीत किड्यांनी खाल्ली, माठ उन्हानं जरड झाला, आणि आळीतल्या बायांना द्यायला काही राहिलं नाही.

मडक्यात जोंधळे नव्हते. दोघी नुसत्या वालाच्या शेंगा उकडून खात होत्या, मग त्याही सरल्या. उकिरड्यावरच्या वेलावर तो एकटा भोपळा, हातभर लांब, गुळगुळीत, तुकतुकीत, बघूनच तोंडाला पाणी सुटावं असा.

आई म्हणाली, "बाय, तो दुधी काप आज. चार दिवस पुरेल."

धुरपा चुलीतली राख उकरत राहिली.

"ऐकू आलं नाही का? इठाकाकीची हवा लागली वाटतं."

"तो बियाण्याला राखलाय, आये."

"बियाणं पुढच्या साली. पोटाला आज लागतं. तुझी बरगडी न् बरगडी मोजता येतेय मला."

"नाही कापायचा म्हणते ना मी."

आई तिच्याकडे बघत राहिली. तिचा आवाज पडला. "माझ्यासाठी एक भोपळा जड झाला होय तुला. बरं. मी कोण सांगणारी. पडून खाणारं माणूस."

धुरपाला वाटलं, जीभ दातांत धरून तुटेल. सांगितलं तर इच्छा जाणार, न सांगितलं तर आईचं मन जाणार. ती पळत परसात गेली, भोपळ्यापाशी बसली आणि तिनं ओंजळीत तोंड लपवलं. मग उठली, झऱ्याकाठची घोळ आणि टाकळा खुडून आणला, भाजी शिजवली, सगळी आईच्या ताटात वाढली. आईनं अर्धी मागं सारली. दोघी एकमेकींशी न बोलता जेवल्या.

आश्विनात परतीचा पाऊस आला आणि वाऱ्याला बरोबर घेऊन आला. छपराचं गवत उडालं. धुरपानं वेलाखाली उभारलेला काटक्यांचा मांडव कडाकडा मोडला. भोपळा आता देठावर लोंबकळत होता, हिसक्या-हिसक्याला देठ पिळवटत होतं. धुरपा भर पावसात धावली. भोपळा तिनं छातीशी धरला, आणि वारा पडेपर्यंत तशीच उभी राहिली, ओलीचिंब, दात वाजत. मग डोक्यावर कळशीखाली घ्यायची आपली चुंबळ तिनं जमिनीवर ठेवली, तिच्यावर पेंढा घातला, आपला जुना परकर अंथरला आणि भोपळा अलगद त्यावर निजवला.

आईनं दारातून सगळं पाहिलं. त्या दिवसानंतर तिनं कापायचं नाव काढलं नाही.

थंडी पडली. वेलाची पानं पिवळी झाली, गळाली, भोपळ्याभोवती त्यांचा ढीग साचला. भोपळ्याचा हिरवा रंग उतरून तो दुधाळ झाला, मग साईसारखा, मग भाकरीसारखा खरपूस. वाऱ्यानं जरा हलला की आत बिया वाजायच्या, खुळ खुळ, खुळ खुळ. देठाच्या कडा वाळल्या होत्या. मधे दोऱ्याएवढी हिरवी रेघ उरली होती. धुरपा रोज सकाळी ती रेघ बघायची. ती गेली की आई उठणार.

त्या सकाळी ती छपरावर मिरच्या वाळत घालत होती. खाली इठाकाकी आली होती, बनीला नि जोंधळ्याच्या पिठाचं भांडं घेऊन. "राहू दे, मिरच्या झाल्या की दे," असं म्हणत तिनं भांडं आईजवळ ठेवलं आणि कोवळ्या उन्हात पाठ शेकत परसात उभी राहिली. बनीनं भोपळ्याचा आवाज ऐकला. तिला वाटलं, खुळखुळा. दोन्ही हात पसरून, डुलत डुलत, ती भोपळ्याकडे निघाली.

धुरपानं वरून पाहिलं आणि तिच्या हातातली मिरची गळून पडली.

भोपळ्याला लगटून, वाळल्या पानांच्या ढिगात, वाळल्या पानांच्याच रंगाची घोणस वेटोळं करून ऊन खात होती. जाडजूड, मनगटाएवढी. नुसतं डोकं जरा वर.

"काकी," धुरपा ओरडली. "काकी, साप."

इठाकाकी उन्हात डोळे मिटून उभी.

धुरपानं मिरच्यांची मूठ तिच्या अंगावर फेकली. इठाकाकीनं वर पाहिलं. "काय गं? मला कशाला वाळत घालतेस?"

आई दारातून जीव तोडून ओरडत होती, पण तिला तिथून साप दिसत नव्हता आणि बनीला ती हाक म्हणजे खेळ वाटत होता. बनी हसली आणि आणखी एक पाऊल पुढं गेली. धुरपा हात हलवत होती. इठाकाकी इकडे बघे, तिकडे बघे. "कुठं? काय आहे कुठं?"

छपरावरून उतरायला वेळ नव्हता. इठाकाकीला डोळ्यांशिवाय दुसरी वाट नव्हती. आणि साप भोपळ्याला चिकटून होता, सापाला दाखवायचं म्हणजे भोपळ्याला दाखवायचं.

धुरपानं आईकडे पाहिलं. चटईवर, हातांवर जोर देऊन अर्धी उठलेली, पाय मात्र लाकडासारखे पडलेले.

मग तिनं हात लांब केला आणि बोट दाखवलं. सरळ, ताठ, भोपळ्याकडे.

इठाकाकीची नजर बोटाच्या रेषेनं गेली. पुढच्याच क्षणी तिनं झेप घेतली आणि बनीला दंडाला धरून मागं ओढलं. घोणस फुसफुसली, जिथं बनीचा हात असता तिथं तोंड मारून, सळसळत कुंपणात गेली.

आणि भोपळ्याच्या पोटावर एक काळा ठिपका उमटला, बोटाच्या टोकाएवढा. ठिपका पसरला. देठ कटकन तुटलं. भोपळा चुंबळीवरून घरंगळला आणि फुटला. आत काजव्यासारखा एक उजेड होता, तो लुकलुकला आणि विझला. पानांत नुसत्या बिया विखुरल्या.

दिवेलागणीला परी आली. बसायला फूल नव्हतं म्हणून परकराच्या चिंधीवर बसली. तिच्या पंखांची जर फिकी झाली होती.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"होतं."

"तरी दाखवलंस."

"बनी केवढीशी आहे," धुरपा म्हणाली. मग तिनं विचारलं, "आता काहीच नाही का गं होणार?"

परीनं खोटा धीर दिला नाही. "अट मोडली, बाळ. माझ्याजवळ होतं ते गेलं. बिया मात्र गोळा कर. त्या तुझ्या आहेत." आणि ती अंधारात विरली, साधी, एखादं पाखरू जावं तशी.

आता लपवायचं काही उरलं नव्हतं. धुरपानं आईला सगळं सांगितलं. आईनं तिला जवळ ओढलं, तिच्या केसांत तोंड खुपसलं. "म्हणून कापू दिला नाहीस होय," एवढंच ती म्हणाली.

सकाळी इठाकाकी बनीला कडेवर घेऊन आली. "पोर वाचवलीस माझी. मग डोळे का सुजलेत?"

धुरपानं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगायला लागली. परी, फूल, इच्छा, बोट. काकीला ऐकू जावं म्हणून इतक्या मोठ्यानं की पलीकडे दळणाऱ्या गोदाक्कानं जातं थांबवलं, तिच्या पलीकडे शेणी थापणारी अनसूया शेणाच्या हातांनी कुंपणाशी आली. इतके दिवस जे आईलाही सांगितलं नव्हतं, ते सगळ्या आळीनं ऐकलं.

इठाकाकीनं बनीला खाली ठेवलं. मग तिनं पदर पसरला. "बी दे मला त्यातलं."

धुरपाच्या आईची रीतच होती, बियाणं एका घरात ठेवायचं नाही. आपलं किडलं तर दुसरीकडून मागून आणता यावं. धुरपानं बिया पाण्यात टाकल्या, वर तरंगलेल्या पोचट काढल्या, बुडालेल्या भरीव तेवढ्या घेतल्या. पहिली मूठ इठाकाकीच्या पदरात. मग गोदाक्का, अनसूया, जिनं मागितली तिला. स्वतःला चिमूटभर उरल्या.

माघात सगळ्या आळीनं त्या बिया लावल्या. शेंडे खुडले, राख फुंकली, तोंड धुण्याचं पाणीसुद्धा घातलं, का कोण जाणे. चैत्रात एके दिवशी सूर्य डोंगराआड गेला आणि आळीतल्या साऱ्या मांडवांवर एकदम फुलं उमलली. पांढरी, पांढरी, जिकडे बघावं तिकडे चांदण्याच्या वाट्या.

इठाकाकी आपल्या परसात गेली, एका फुलावर वाकली, आणि तिला वाटलं आपण कुजबुजतोय, पण सारी आळी दणाणली. "धुरपीच्या आईला उठव गं बाई. चालू दे तिला."

धुरपा धावतच कुंपणाशी गेली. "काकी, हळू. सांगायचं नसतं."

पण तोवर गोदाक्का आपल्या फुलावर वाकली होती. अनसूया वाकली होती. बनीनं तर फुलात नाकच घातलं होतं. परसापरसातून तेच शब्द येत होते.

मग सगळं शांत झालं. वारा नाही, पान हललं नाही. धुरपानं मागं वळून दाराकडे पाहायचं धाडस केलं नाही. सगळ्या बाया श्वास धरून उभ्या. काहीच झालं नाही.

आणि नेमकं घाईत इठाकाकीचं फाटक उघडं राहिलं होतं. चंदी शेळी निवांत चालत धुरपाच्या परसात आली आणि नव्या मेथीच्या वाफ्यात तोंड घालून उभी राहिली.

"अगं मेथी," मागून आईचा आवाज आला. "धुरपे, शेळी. कुणी बघतंय का नाही? सगळ्याच बहिऱ्या झाल्या का काय? हाट. हाट म्हणते ना मेले."

धुरपा वळली. वाफ्याच्या मधोमध, घोटाभर हिरव्यात, आई उभी होती. एका हातात काठी, एका हातात चंदीचा कान. आपण उभ्या आहोत हे तिला स्वतःला अजून कळलं नव्हतं.

धुरपाच्या खांद्यावर भुरकन काहीतरी बसलं. पोपटी पंख, आणि पंखांची जर अशी लखलखत होती की डोळे दिपावेत.

"एकाच फुलात ठेवलेली इच्छा नाजूक असते, तिला जपावं लागतं, म्हणून त्या अटी," परी तिच्या कानात म्हणाली. "पण इतक्या फुलांनी एकच इच्छा धरली, तर तिला कशाची भीती? तिला वाळायचीही वाट बघावी लागत नाही."

"तू येशील ना परत?"

"तोंड धूत जा रोज," परी हसून म्हणाली. तिनं धुरपाच्या मातकट गालाला हलकेच हात लावला आणि उडाली. या फुलावरून त्या फुलावर, या मांडवावरून त्या मांडवावर उजेड पेटत गेला, चंदेरी, पोपटी, सोनेरी, सारी आळी लख्ख झाली, आणि मग तो उजेड एका मोठ्या शुभ्र फुलासारखा डोंगरावर उमलला आणि आभाळात विरून गेला.

इठाकाकी कुंपणापलीकडून मान वेळावत होती. "काय झालं? मला कुणी काही सांगाल का? कुठं बघताय सगळ्या?"

धुरपानं हात लांब केला आणि बोट दाखवलं. सरळ, ताठ, आईकडे.